मुळासकट आणि काठापासून लांब

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय पवनेवरच्या जलपर्णीबद्दल. पवना लोणावळ्याकडच्या डोंगरात उगम पावते, पिंपरी-चिंचवडला पाणी पाजते आणि दापोडीला मुळेला मिळते. वाटेत तिच्यात आपलं सांडपाणी मिसळतं, त्यावरच ही जलपर्णी पोसते.

ही जलपर्णी काढायला आम्ही रविवारी जमतो, त्यातल्या पहिल्या रविवारची गोष्ट सांगतो. आम्ही तीसेक जण कोयते-विळे घेऊन रावेतच्या बाजूला पाण्याशी उतरलो. दुपारपर्यंत सपासप कापलं. काठाला कंबरभर ढीग लागला, दोन गुंठे तरी पाणी मोकळं दिसायला लागलं. एक वयस्कर काका बाभळीखाली बसून बघत होते. सगळं आयुष्य याच नदीत जाळी टाकण्यात गेलेलं. ते उठले, ढिगातलं एक रोप उचललं आणि देठाचा फुगीर गड्डा माझ्या तळहातावर फोडला. आत नुसता पांढरा, स्पंजासारखा गर. "ह्याच्यात वारा भरलाय, म्हणून ही बुडत नाही. तुम्ही वरचं कापलं, बुडखा खाली वाहत गेला. खालच्या गावाला बियाणं धाडलंत की!"

चार दिवसांत पाणी चढलं आणि काठावरचा अर्धा ढीगही परत नदीत गेला.

पुढच्या रविवारी काका बांबू घेऊनच आले. दोराने एकाला एक बांधून त्यांनी ते पाण्यावर आडवे सोडले आणि म्हणाले, "आता थांबा. वारा येऊ द्या." थांबलो. (त्या तासाभरात ते पोहायला कसे शिकले ते ऐकलं. पाठीला सुका भोपळा बांधून, याच डोहात. माझं स्पष्ट मत आहे, पोरं नदीत पोहायला शिकायची तोवर घरातल्या मोठ्यांचं नदीकडे लक्ष असायचं.) अकराच्या सुमाराला वारा सुटला आणि अख्खी हिरवी सतरंजी सरकत आमच्या काठाला लागली. मग फक्त ओढायची होती. मोरपिसांसारखी काळी-जांभळी मुळं, त्यातून निथळणारा गाळ. ओढायची ती मुळासकट, आणि टाकायची पूररेषेच्या वर, काठापासून लांब. पुन्हा सांगतो: मुळासकट, आणि काठापासून लांब.

हे काम जांभळी फुलं यायच्या आत करायचं. बी गाळात १५-२० वर्षं जिवंत राहतं. मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती शोभेसाठी म्हणून आपल्याकडे आली. घरच्या कुंडीतली नदीत सोडू नका, एवढं कळकळीने सांगतो. सांडपाणी शुद्ध होऊन नदीत आलं पाहिजे, त्यासाठी प्रभागाच्या सभेत उभं राहून विचारावं लागेल. तेही आपलंच काम.

येत्या रविवारी सकाळी सातला या. गमबूट, हातमोजे आणा. पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेटशिवाय पाण्यात उतरायचं नाही. काका बांबू घेऊन येणार आहेत.