घराण्याचं तारण होईल, म्हणजे माझं आपोआप झालं का?

जय ख्रिस्त मंडळी! आज वेगळाच विषय घेणार होते, पण मागच्या व्हिडिओखाली तुम्ही एकच प्रश्न इतक्यांदा विचारलाय की आधी तोच घेऊ. कुणी लिहिलंय, "आम्ही चौथ्या पिढीचे ख्रिस्ती, मूळचे नगरचे. घरात रोज प्रार्थना होते, आजी माझं नाव घेऊन गुडघे टेकते. मग मी वेगळा निर्णय कसला घ्यायचा?" आणि पुरावा म्हणून बायबलमधलं वचन दिलंय, प्रेषितांची कृत्ये 16:31, ज्यात घराण्याचं तारण, म्हणजे पापातून सुटका, होईल असं म्हटलंय.

तारण कृपेनं मिळतं, कमावता येत नाही. इफिसकरांस 2:8-9, संडे स्कूलपासून पाठ आहे, त्यावर वेळ घालवत नाही. अडतं ते पुढे. देव दान देतो, पण ते घ्यायचं कुणी? तुमच्या वतीनं पप्पांनी?

आता ते वचन. "प्रभू येशूवर विश्वास ठेव, म्हणजे तुझे व तुझ्या घराण्याचे तारण होईल." भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतं, स्टेटसला असतं, आणि सगळे इथेच थांबतात. मला याचा खरंच त्रास होतो. अहो, पुढच्या तीन ओळी वाचा ना! फिलिप्पै शहराचा तुरुंग, आत प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला कैदेत, मध्यरात्र, भूकंप झालाय, दारं उघडी पडलीयत. कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा अधिकारी स्वतःवर तलवार चालवायला निघालाय. पौल त्याला थांबवतो, मग तो विचारतो, माझं तारण व्हावं म्हणून काय करू, आणि हे उत्तर मिळतं. त्यानंतर 32 व्या ओळीत काय होतं? पौल आणि सीला त्याला आणि त्याच्या घरातल्या सगळ्यांना वचन सांगतात. सगळ्यांना! एकट्या यजमानाच्या विश्वासावर काम भागत असतं, तर पाठीवर फटक्यांचे वळ असलेली दोन माणसं त्या रात्री घरच्यांना सांगत कशाला बसली असती? आणि 34 वी ओळ म्हणते, त्यानं घरच्या सगळ्यांसह विश्वास ठेवला आणि आनंद केला. म्हणजे दार सगळ्या घराला उघडलं, आत मात्र ज्याला त्याला स्वतःच यावं लागलं.

हे पटत नसेल तर आपल्याच मराठी मंडळीतलं उदाहरण घ्या. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा झाला 1900 मध्ये. त्या काळात नवऱ्याचा धर्म तोच बायकोचा, हे लोक धरूनच चालत. तरी लक्ष्मीबाई नवऱ्याच्या मागोमाग बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरल्या नाहीत. आधी ताटातूट सोसली, मग परत एकत्र संसार केला, भांडल्या, पाहिलं, स्वतःला पटलं, तेव्हा घेतला. ज्याची गाणी आपण आजही उपासनेत गातो, त्या माणसाचा विश्वासही घरात दुसऱ्या कुणाच्या नावावर चढला नाही.

आणि पंडिता रमाबाई! आपल्या पुण्यापासून केडगाव किती लांब आहे, लोकलनं जाता येतं, तिथे त्यांनी उभारलेलं मुक्ती मिशन अजून उभं आहे. त्यांचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पण पुढे स्वतःच्या साक्षीत त्या सांगतात की ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त स्वतः सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. एवढी विदुषी, धर्मांतरासाठी एवढा विरोध सोसलेली बाई हे उघडपणे म्हणते, आणि आपण बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर निर्धास्त राहतो.

एका दादांनी लिहिलंय, "हे सगळं देवानं आधीच ठरवलंय, माझ्या हातात काय?" दादा, पौलाच्या पत्रात, फिलिप्पैकरांस 2 मध्ये 12 आणि 13 या दोन ओळी शेजारी शेजारी आहेत. भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, आणि लगेच, तुमच्या ठायी कार्य करणारा देव आहे. पौलाला त्यात भांडण दिसलं नाही. पहिली ओळ झाकून फक्त दुसरी वाचायची, ही तीच अर्ध्या वचनाची सवय.

आमच्या दृढीकरणाच्या, म्हणजे मोठं झाल्यावर आपला विश्वास स्वतः जाहीर करण्याच्या विधीच्या वर्गात पाळकसाहेबांनी प्रत्येकाला विचारलं होतं, तुला दृढीकरण का हवंय? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच, "घरचे म्हणाले." ते रागावले नाहीत. म्हणाले, हे घरच्यांचं उत्तर झालं, पुढच्या रविवारी तुमचं घेऊन या. तो आठवडा मला अजून आठवतो. घरात कुणाला विचारताही येईना, कारण विचारलं की परत त्यांचंच उत्तर यायचं.

मत्तय 25 मधल्या, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारीही तुम्हाला माहीत आहेत. पाचजणी शहाण्या, पण जास्तीचं तेल न आणलेल्या बाकीच्या पाचजणींना त्यांनी तेल दिलं नाही म्हणून त्यांना स्वार्थी म्हणणाऱ्या कमेंट येतात. त्या स्वार्थी नाहीत हो! वराच्या येण्याच्या क्षणी एकीचं तेल दुसरीच्या दिव्याला पुरत नाही, हेच प्रभू सांगतोय. तुमच्या आजीची प्रार्थना फुकट जात नाही, ती तुम्हाला दारापर्यंत आणते, आणि मी त्या आजीपुढे हात जोडते. पण रोमकरांस 14:12 म्हणतं, प्रत्येक जण स्वतःविषयी देवाला हिशेब देईल. तिथे आजी तिचा देईल.

शेवटी वडगाव शेरीच्या एका ताईंचा प्रश्न. त्यांचा मुलगा कॉलेजला गेल्यापासून उपासनेला येत नाही, आणि त्या स्वतःला दोष देत रडतात. ताई, यहेज्केल 18 वाचा. मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही आणि बाप मुलाच्या. तुम्ही सांगितलंत, शिकवलंत, प्रार्थना करताय, तुमचा हिशेब तेवढ्याचा आहे. त्याला रविवारी ओढून आणू नका. जेवताना एकदा सरळ विचारा, तुला येशूविषयी काय वाटतं? तो जे बोलेल ते मध्ये न तोडता ऐका, वचन लगेच फेकू नका. आणि त्यानंही हा व्हिडिओ पाहिला, तर त्याचा प्रश्न त्यानं स्वतःच खाली लिहावा. उत्तर मी त्यालाच देईन.