शेवटचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत

आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्व स्पर्धा. वेळ 7 मिनिटं. सहाव्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा.

श्रोत्यांना नीट समजेल असं मराठी बोलायचं, तर मिनिटाला साधारण 100 ते 120 शब्द होतात. म्हणजे 7 मिनिटांना 700 ते 800 शब्द पुरे. स्पर्धक मात्र हजार-बाराशे शब्द पाठ करून येतात. मग घाई होते, श्वास पुरत नाही आणि वाक्याचा शेवट तोंडातल्या तोंडात विरतो.

मराठीत याची किंमत फार मोठी आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं, बहुतेकदा नकारही शेवटीच. 'हे धरण या गावाच्या फायद्याचं नाही.' इथे आवाज पडला, की मागच्या रांगेत नेमका उलटा अर्थ पोहोचतो.

1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते. शब्द पोहोचवायचा तो छातीतल्या दमावरच. आज माइक आहे. पण जो शब्द तोंडातून नीट बाहेरच पडला नाही, तो माइक तरी कुठून आणणार?

म्हणून संहितेवर पेन्सिल चालवा. श्वास घ्यायचा तिथे उभी रेघ. लांब वाक्यात शेवटच्या तीन-चार शब्दांआधी एक हवीच. मग मित्राला सभागृहात अगदी मागे बसवा आणि प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द लिहून घ्यायला सांगा. त्याच्या कागदावर जिथे जागा रिकामी, तिथे तुमचा दम संपला. सरावाचा याहून चांगला प्रकार क्वचितच सापडेल.

माइक तोंडापासून चार बोटं दूर, हनुवटीच्या पातळीवर, जरा तिरका. अगदी समोर असला तर प, फ, भ म्हणताना हवेचा झोत जाळीवर आदळून धप्प आवाज येतो. जाळी मुठीत धरली किंवा माइक स्पीकरकडे वळवला, की शिट्टी वाजते.

'सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग' एका वाक्यात आटपा. पाठ करायचं ते पहिलं वाक्य आणि समारोप. मधल्या मुद्द्यांसाठी कार्डावर पाच-सहा शब्द पुरतात. सगळंच घोकलं, तर एक शब्द निसटला की पुढची वाटच सापडत नाही.

इशाऱ्याची घंटा झाली, की चालू वाक्य पूर्ण करा, उरलेला मुद्दा सोडा आणि समारोपावर या. तो 80 शब्दांचा ठेवला, तर सावकाश बोलूनही मिनिटात बसतो.