प्लाझ्मासाठीची धावाधाव आणि ४६४ रुग्ण

एप्रिल २०२१. कोरोनाची दुसरी लाट. मोबाइलवर एकामागून एक मेसेज येत होते: ‘अर्जंट. बी पॉझिटिव्ह. प्लाझ्मा डोनर हवा.’ डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद घेऊन नातेवाईक एका रक्तपेढीतून दुसरीत पळत होते.

कोरोनातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, आजारी माणसाला द्यायचा, असा हा उपचार. त्याचा निकाल तोवर लागला होता. सहा महिन्यांपूर्वी, आणि आपल्याच देशात.

आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२० च्या एप्रिल ते जुलैमध्ये ३९ रुग्णालयांत ‘प्लॅसिड’ ही चाचणी घेतली. मध्यम आजारी असे ४६४ रुग्ण. प्लाझ्मा कोणाला द्यायचा, हे डॉक्टरांच्या मर्जीवर नव्हतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ते ठरलं. कारण बहुतेक रुग्ण प्लाझ्माशिवायही बरे होत होते. प्लाझ्मा दिला आणि माणूस चालत घरी गेला, यावरून काय कळतं? काहीच नाही. न देताही तो गेला असता का, हे सांगायला दुसरा गट लागतो.

२३५ जणांच्या गटासाठी नेहमीच्या उपचारांवर प्लाझ्माचे दोन डोस, प्रत्येकी २०० मिलिलिटर. उरलेल्या २२९ जणांना फक्त नेहमीचे उपचार. २८ दिवसांत आजार गंभीर झाला किंवा मृत्यू आला, असे पहिल्या गटात ४४, दुसऱ्यात ४१. म्हणजे १९ टक्के आणि १८ टक्के.

या चाचणीच्या शोधनिबंधातली एक नोंद मात्र मोहात पाडते. सातव्या दिवशी धाप आणि थकवा गेलेले रुग्ण प्लाझ्माच्या गटात जास्त होते. इथे थांबायचं आणि विचारायचं: आपल्याला काय दिलंय, हे रुग्णाला ठाऊक होतं का? होतं. हातात सुई, वर टांगलेली पिशवी. दुसऱ्या गटाला खोटी पिशवीही लावली नव्हती. ‘आज कसं वाटतंय?’ याच्या उत्तरात आशा मिसळते. मृत्यूच्या नोंदीत ती मिसळत नाही.

टीकाकारांचा एक आक्षेप रास्त होता: बऱ्याच दात्यांच्या प्लाझ्मात अँटिबॉडीज, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, कमीच होत्या. त्याचं उत्तर ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीतून आलं. भरपूर अँटिबॉडीज असलेला प्लाझ्मा, साडेअकरा हजारांवर रुग्ण. दोन्ही गटांत २८ दिवसांतले मृत्यू २४ टक्के. तिथे प्लाझ्मासाठी नवे रुग्ण घेणं जानेवारी २०२१ मध्येच थांबलं होतं.

आपल्या मार्गदर्शक सूचनांत मात्र प्लाझ्मा तसाच होता, म्हणून तो लिहून दिला जात होता. १७ मे २०२१ रोजी तो वगळला गेला. तोवर दुसऱ्या लाटेचं शिखर ओलांडून झालं होतं.