तिकीट सोडवू नका

मघाशी पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं मला तिचा अल्बम दाखवला. तिकिटं नीट ओळीत लावलेली, आणि बहुतेकांच्या कोपऱ्यावर शिक्क्याची काळी चंद्रकोर. "बाकीचा शिक्का कुठाय गं?" म्हटलं, तर म्हणाली, "पाकिटावर होता. ते टाकून दिलं." मी हसलो नाही, कारण हे पाप माझ्याही नावावर आहे. लहानपणी हाती आलेलं एक पाकीट मी कोमट पाण्यात भिजत घातलं. तिकीट अलगद सुटलं, वाळवलं, तर त्यावर विमानाची नुसती शेपटी! विमान, तारीख, समारंभाचं नाव, सगळं पाकिटासोबत लगद्यात गेलं होतं.

तिकीट लहान असतं आणि शिक्का त्याच्या कडेवरून पाकिटावर उतरतो, हे तर उघडच आहे. पण त्यातच सगळी गंमत आहे. अर्धा ठसा इकडे, अर्धा तिकडे. म्हणजे हे तिकीट याच पाकिटावर होतं, मागाहून कुणी चिकटवलेलं नाही. संग्राहक त्याला 'टाइड' म्हणतात, शिक्क्यानं बांधलेलं.

आणि शिक्का हा तिकिटाचा थोरला भाऊ. १६६१ मध्ये इंग्लंडच्या टपाल खात्याचे प्रमुख हेन्री बिशप यांनी पत्रांवर दिवस आणि महिना उमटवायला सुरुवात केली, पत्र कुणी दाबून ठेवलं तर कळावं म्हणून. तिकीट आलं १८४० मध्ये, पेनी ब्लॅक. त्यावर मारायचे लाल फुली, पण ती लाल शाई लोक पुसून तिकीट पुन्हा वापरतील अशी धास्ती. वर्षभरात शाई काळी झाली आणि काळं तिकीट लाल!

म्हणजे शिक्क्याची कामं दोन: तारीख-ठिकाण सांगायचं आणि तिकीट बाद करायचं. विशेष शिक्का, म्हणजे एखाद्या प्रसंगापुरता टपाल खात्यानं काढलेला, तिसरं काम करतो, प्रसंग नोंदवायचं. हे काम तो एकट्याच्या बळावर कसं करतो ते पाहायचं तर १८ फेब्रुवारी १९११ चं अलाहाबादचं पाकीट पाहा. आंरी पेके हा फ्रेंच वैमानिक तिथल्या प्रदर्शनाच्या मैदानातून साधारण साडेसहा हजार पत्रं घेऊन उडाला आणि यमुनेपलीकडे नैनीला उतरला. या उड्डाणासाठी खास तिकीट निघालंच नव्हतं. पाकिटांवर नेहमीचीच तिकिटं. विमान आहे ते फक्त त्या किरमिजी शिक्क्यात. आता कल्पना करा, माझ्यासारख्या एखाद्यानं ते भिजवलं असतं तर!

ठसा चांगला हवा असेल तर थोडी तयारी आपणच करायची. पाकिटात आधी एक जाडसर कार्ड सरकवा, नाहीतर आतल्या घडीवर शिक्का डुगडुगतो आणि अर्धं वर्तुळ उठतच नाही. तिकिटाच्या डावीकडे कोरी जागा ठेवा, म्हणजे तारीख रंगीत चित्रात हरवत नाही. काउंटरवर नम्रपणे सांगा, "पहिला ठसा रद्दी कागदावर घ्या." ताज्या पॅडची जादा शाई तिथेच उतरते. आणि शाई वाळेस्तोवर पाकिटावर पाकीट ठेवू नका. वर्तमानपत्रात गुंडाळण्याची हौसही नको.

आता वादाचा मुद्दा. शिक्का मारून पाकीट लगेच हातात परत घ्यायचं, की पत्ता लिहून टपालात सोडायचं? कोरं, डागविरहित पाकीट अल्बममध्ये शोभतं खरं. माझा कौल मात्र प्रवासाला. वाटेत एखादा ओरखडा येईल, कोपरा दुमडेल, येऊ दे. मागच्या बाजूला पोहोचल्याचा शिक्का मिळाला तर ते पाकीट दोन टोकं असलेली गोष्ट होतं. मागच्या अंगाला मूळ डिंक शाबूत असलेली, थेट विक्रीसाठीच बाद केलेली तिकिटं मी तरी या पंक्तीला बसवत नाही. काही मित्र यावरून माझ्याशी भांडतात, भांडोत बापडे.

त्या मुलीला मी एकच सांगितलं: पुढचं पाकीट आलं की कात्रीसुद्धा लावू नकोस. आणि कात्री लावायचीच असेल, तर शिक्क्याच्या चारी बाजूंनी बोटभर कागद राखून.

चला, टेबलावरची पाकिटं पाहून घ्या. हात कोरडे ठेवा, कडेनं धरा आणि प्रत्येक पाकीट उलटून मागची बाजूही बघा.