बल्बवर नाव आधी की नंतर?

(वसंत व्याख्यानमालेत बारावीची मुलं आणि त्यांचे पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचं शब्दांकन.)

माइक मागे पोचतोय का? पोचतोय. बरं.

पत्रिकेवर विषय छापलाय ‘वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञान : प्रवेशाची तयारी’. विषय मी सुचवलेला नाही, पण पाळायचा प्रयत्न करतो. मला पाऊण तास दिलाय. काल याच जागी किल्ल्यांवर बोलणारे गृहस्थ अडीच तास बोलले म्हणे. त्यांच्याकडे स्लाइड होत्या. माझ्याकडे हा एक बल्ब आहे.

हसू नका. रक्त घ्यायच्या ट्यूबला आमच्यात बल्बच म्हणतात. का म्हणतात ते मला विचारू नका, चौतीस वर्षं म्हणत आलो. आता हात वर करा. या बल्बवर पेशंटचं नाव रक्त काढायच्या आधी लिहायचं की नंतर? आधी म्हणणारे? जवळजवळ सगळे. नंतर? तीन. त्यातल्या त्या बाई सिस्टर आहेत, मी ओळखतो, त्यांचं मत बाद.

नवी वही आणली की पहिल्यांदा नाव घालायचं, ही आपली पहिलीपासूनची सवय, त्यामुळे ‘आधी’ वाटणं साहजिक आहे. पण सकाळी सातला वॉर्डात शिरताना तुम्ही ट्रेमध्ये नावं घातलेले वीस बल्ब घेऊन गेलात, आणि सात नंबरची बाई एक्स-रेला गेली असेल, तर तिचा बल्ब ट्रेमध्ये तसाच राहतो. आठ नंबरला गेलात, नस सापडेना, एक बल्ब वाया गेला, घाईत हात सात नंबरच्या बल्बवर पडला. संपलं. आता आठ नंबरच्या साखरेवर सात नंबरला इन्शुलिन. म्हणून नाव नंतर. नंतर म्हणजे लॅबमध्ये येऊन चहा घेता घेता नव्हे. खाटेपाशी, पेशंटच्या डोळ्यांदेखत, तिथून पाऊल उचलायच्या आधी.

आणि नाव विचारायचं कसं? ‘तुम्ही पाटीलबाई ना?’ असं विचारलं की म्हातारी ‘हो’ म्हणते. तुम्ही तिला ‘इंदिराबाई ना?’ विचारा, तरी ‘हो’च म्हणेल. पांढरा कोट दिसला की आपली माणसं सगळ्याला हो म्हणतात. ‘आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारायचं आणि त्यांच्या तोंडून ऐकायचं. आमच्या कोल्हापूरकडे एका वॉर्डात दोन पाटील सापडले नाहीत तर समजायचं वॉर्ड बंद पडलाय.

तर माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी गेली कित्येक वर्षं मिळेल त्या मंचावर सांगतो, घरीही सांगतो, घरचे उठून जातात. लॅबमधल्या बहुतेक चुका मशीनमध्ये होत नाहीत. नमुना मशीनपर्यंत पोचायच्या आधीच होतात. कोणाचं रक्त, कुठल्या बल्बात, किती वेळ ठेवलं, हलवलं का, हलवलं तर किती. या कोर्सची तयारी म्हणजे अशा गोष्टींकडे लक्ष असलेला माणूस होणं. मार्क लागतात, नाही असं नाही. त्यावर शेवटी येतो.

आधी माझी चूक सांगतो. १९८९ साल. नोकरीला लागून चार महिने झालेले, रात्रपाळी. तेव्हा हे रंगीत टोपणांचे बल्ब आमच्याकडे नव्हते. पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या धुवायच्या, त्यांत ईडीटीएच्या द्रावणाचे थेंब टाकायचे आणि ओव्हनमध्ये वाळवायच्या. वाळल्यावर तळाला पांढरट थर दिसायचा. त्या बाटलीतलं रक्त गोठत नाही, हिमोग्लोबिन आणि पेशी मोजायला ते लागतं. सोडियम, पोटॅशियम बघायचं असेल तर मात्र साधी नळी. रक्त गोठू द्यायचं आणि वरचा पिवळसर सीरम घ्यायचा.

बायकांच्या वॉर्डातून एका आजींचं रक्त आणायला गेलो. हात कसा? वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. नस मिळाली, ईडीटीएची बाटली भरली, साध्या नळीत जेमतेम बोटभर गेलं आणि नस बसली. पुन्हा टोचायचं धाडस होईना. आजी म्हणाल्या, ‘राहू दे की पोरा, किती काढतोस?’ मग मी काय केलं? बाटलीतलं थोडं रक्त नळीत ओतलं. रक्त तेच, माणूस तोच, मग बिघडलं कुठे? असा माझा हिशेब.

त्या रात्री गुठळी जरा उशिरा धरली. मला ते दिसलं होतं. हे कबूल करतो, कारण पुढच्या गोष्टीतला सगळ्यात वाईट भाग हाच आहे की ते मला दिसलं होतं.

तेव्हा पोटॅशियम फ्लेम फोटोमीटरवर. गॅसची टाकी, कॉम्प्रेसर, खोलीभर घरघर. अकरावीच्या प्रॅक्टिकलला तुम्ही ज्योत-परीक्षण केलंत ना, सोडियम पिवळं, पोटॅशियम फिकट जांभळं? तेच ते, फक्त रंग किती गडद आहे ते मशीन मोजायचं. पोटॅशियम आलं ८.६. साधारण साडेतीन ते पाच हवं. आठच्या वर म्हणजे हृदय कधीही थांबेल. फोन केला. हाउसमन, म्हणजे वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर, पळत वॉर्डात. इन्शुलिन आणि ग्लुकोजची तयारी, कारण त्यानं पोटॅशियम पेशींत ढकललं जातं.

तेवढ्यात आमचे सीनियर आले. आम्ही त्यांना काका म्हणायचो. त्यांनी आकडा बघितला आणि मला विचारलं, ‘पेशंट बघितलास?’ म्हटलं, रक्त काढताना बघितला. ‘कशी होती?’ म्हटलं, गप्पा मारत होती. काका म्हणाले, ‘८.६ वाला माणूस गप्पा मारत नाही. याच सीरमवर कॅल्शियम लाव.’ लावलं. ५.१ आलं. नऊ-दहाच्या आसपास असायला हवं. काकांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, ‘दुसऱ्या बाटलीतलं ओतलंस.’ हा प्रश्न नव्हता.

कसं ओळखलं? बारावीच्या केमिस्ट्रीत सहसंयुगांचा धडा आहे. कोऑर्डिनेशन कंपाउंड्स. त्यात ईडीटीए हा सहा ठिकाणी धरणारा लिगंड, म्हणजे धातूला धरून बसणारा रेणू, म्हणून येतो. तो खेकड्यासारखा कॅल्शियम पकडतो. कॅल्शियम पकडलं की रक्त गोठत नाही, म्हणून तर तो बाटलीत टाकायचा. आणि आम्ही वापरायचो तो ईडीटीए पोटॅशियमचा क्षार. म्हणजे माझ्या चार थेंबांनी आजींच्या नळीत पोटॅशियम घातलं आणि कॅल्शियम काढून घेतलं. एक वर, एक खाली. काकांना पेशंट बघायला जायचीही गरज पडली नाही.

मी वॉर्डात धावलो. सिरिंज भरलेली होती, टोचलेली नव्हती. आजी चहात बिस्कीट बुडवत बसल्या होत्या. नीट नस शोधून पुन्हा रक्त घेतलं, पोटॅशियम ४.२. हाउसमन मला जे बोलला ते व्याख्यानमालेत सांगण्यासारखं नाही. काकांनी लाल शाईत रजिस्टरमध्ये नोंद केली, माझ्या नावानिशी, आणि खाली मला सही करायला लावली. आजही कोणी मुलगा मला म्हणाला की केमिस्ट्रीत तो धडा ऑप्शनला टाकलाय, तर माझ्या पोटात गोळा येतो.

म्हणून पालकांवर माझा एक राग आहे, तो काढून घेतो. ‘नीटमध्ये जमलं नाही, मग म्हटलं लॅबला टाकू.’ टाकू! पोरगं आहे की टपालपेटीतलं पत्र? ज्यानं डॉक्टर व्हायचं ठरवून दोन वर्षं घातली आणि तुम्ही त्याला उरलेलं म्हणून इथं पाठवलंत, तो पहिल्या दिवसापासून नाराज. नाराज माणूस गुठळी उशिरा धरली तर बघूनही न बघितल्यासारखं करतो. मी तर नाराजही नव्हतो, तरी केलं.

आणि ‘स्वतःची लॅब टाकू, रग्गड मिळतं’ असं ज्यांच्या मनात आहे, त्यांना आत्ताच सांगतो. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली स्पष्ट केलंय. तंत्रज्ञानं तपासणी करायची, सही डॉक्टरची. हे आवडत नसेल तर चार वर्षांनी भांडण्यापेक्षा आत्ता विचार करा. मी त्यावर खूप भांडलो, पण आज तो विषय नाही.

अजून एक विचारतो, बायोलॉजीवाल्यांना. कुणालाही चालणारं रक्त कुठलं? ‘ओ.’ सगळे म्हणाले. पुस्तकात आहे. आता १९५२ साल, आपलीच मुंबई, केईएम. डॉक्टर भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे लोक सापडले की ज्यांच्या पेशी तपासल्या तर ‘ओ’ वाटाव्यात, पण त्यांना ‘ओ’ रक्तही चालत नव्हतं. ‘ओ’ पेशींवर जो एच नावाचा मूळ घटक असतो, तोच यांच्याकडे नाही, आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं मात्र तयार. जगानं त्या गटाला बॉम्बे ब्लड ग्रुप नाव दिलं. आपल्या देशात साधारण दहा हजारांत एक. मग ओळखायचा कसा? पेशींची तपासणी झाली की सीरमची उलट तपासणी करायची, म्हणजे पेशंटचं सीरम गट ठाऊक असलेल्या पेशींशी मिसळून बघायचं, आणि त्यात ‘ओ’ पेशीही लावायच्या. तिथं गुठळ्या दिसल्या की थांबायचं. ही उलट तपासणी करायला थोडा वेळ जास्त लागतो. रात्री अडीच वाजता, बाळंतीण टेबलावर असताना, तो वेळ कोण काढतो? केईएमच्या आवारातच पुढे रक्तगटांचं संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, कधी गेलात तर...

चिठ्ठी आली. ‘सात मिनिटं.’ घड्याळ बरोबर आहे का हे? बरं.

म्हणजे प्रवेश. भरभर सांगतो, लिहून घ्या.

बारावी विज्ञान, फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हवेत. किती टक्के आणि कुठली परीक्षा, हे मी सांगणार नाही, नियम बदलतात. त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. सीनियरनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली मागच्या वर्षीची नको. डीएमएलटी म्हणजे पदविका; पदवीला कुठे बीएस्सी एमएलटी म्हणतात, कुठे बीपीएमटी, म्हणजे पॅरामेडिकल टेक्नॉलॉजीची पदवी. वैद्यकीय महाविद्यालयांतला अभ्यासक्रम नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा, ते १९९८ पासून आहे. तीन वर्षं शिक्षण आणि वर्षभर इंटर्नशिप. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं तासही बांधून दिलेत : अलाइड हेल्थ प्रोफेशनलसाठी किमान २००० तास, हेल्थकेअर प्रोफेशनलसाठी किमान ३६००. त्यामुळे ‘सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन’ अशी पाटी दिसली की दोन हजाराला सहानं भागा आणि जिना उतरा.

कॉलेज बघायला जाल तेव्हा लॅब बघायला मागा. रुग्णालय जोडलेलं आहे का, रोज किती नमुने येतात, विद्यार्थ्यांना हात लावू देतात की लांबून दाखवतात? आणि शिकवणाऱ्यानं स्वतः कधी रात्रपाळी केलीय का, हेही विचारा. रागावतील. विचारा.

अभ्यासात द्रावणं, आयनिक संतुलन आणि विद्युतरसायन सोडू नका. आज सोडियम-पोटॅशियमचं मशीन इलेक्ट्रोडवर चालतं, ते नेर्न्स्टचंच समीकरण. भागाकार कॅल्क्युलेटरशिवाय यायला हवा. वीसपट पातळ केलेल्या रक्तात चार चौकोनांत १६० पांढऱ्या पेशी मोजल्या, आणि चार चौकोनांचं घनफळ मिळून ०.४ घन मिलिमीटर, तर एका घन मिलिमीटरमध्ये किती? ...आठ हजार, बरोबर, कोण म्हणालं? उभी राहा. हिला घ्या.

जांभळा आणि गुलाबी यांत गोंधळ होत असेल तर अर्ज भरायच्या आधी डोळे तपासून घ्या, जंतू रंगवून ओळखायच्या ग्रॅम स्टेनमध्ये सगळं त्याच दोन रंगांवर आहे. रक्त बघून घेरी येते का, ते एखाद्या रक्तदान शिबिरात मदतीला जाऊन बघा. मला पहिल्या दिवशी आली होती, दुसऱ्या आठवड्यात गेली. हिपॅटायटिस बी ची लस आत्ताच सुरू करा. तीन डोस असतात. पहिला, मग महिन्यानं, मग पहिल्यापासून सहा महिन्यांनी. प्रवेश मिळाल्यावर सुरू केलीत तर सुई हातात आधी येईल आणि संरक्षण मागून.

कागदपत्रं : दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचा दाखला, आरक्षणातून अर्ज असेल तर जातीचा दाखला, जात पडताळणी, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेयर. पडताळणीला वेळ लागतो, निकालाची वाट बघत बसू नका. आणि या सगळ्यांवर तुमचं नाव एकच आहे का ते बघा. दहावीच्या सर्टिफिकेटवर आईचं नाव आहे, आधारवर नाही. दाखल्यावर ‘दत्तात्रय’, गुणपत्रकावर ‘दत्तात्रेय’. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी एक ‘ए’, दुसरीकडे दोन. खिडकीवरचा माणूस तुम्हाला परत पाठवेल, आणि तो चुकत नसेल.

अध्यक्ष उठलेत, म्हणजे आभार. ज्यांनी झेरॉक्स आणल्यात ते बाहेर चहापाशी या, स्पेलिंग मी बघून देतो. माझी एसटी सव्वाआठची आहे.