चार वाजताची तल्लफ

नमस्कार श्रोतेहो.

आज बोलायचं आहे ते गोड आणि तेलकट-तुपकट खाण्याच्या तल्लफीबद्दल. भुकेबद्दल नाही. भूक भाजी-भाकरीवर भागते. तल्लफेला जिलबीच हवी असते, नाहीतर वेफर्सच, नाहीतर नाक्यावरच्या गाडीवरचा वडाच. जेवून अर्धा तास झालाय, पोट भरलंय, तरी हात फ्रिजकडे जातो. मग आपण म्हणतो, माझा जिभेवर ताबाच नाही. घरातलेही तेच म्हणतात. मला हे निदान फारसं पटत नाही.

जरा निसर्गाकडे बघा. फळं, मध, ऊस यांत साखर असते, पण स्निग्धांश जवळजवळ नाही. शेंगदाणे, तीळ, मटण यांत स्निग्धांश असतो, साखर नावापुरती. दोन्ही एकत्र, भरपूर, असा नैसर्गिक पदार्थ शोधायला गेलात तर ठळकपणे एकच सापडतो, तो म्हणजे दूध. आयुष्यातला पहिला घास! त्यामुळे ही जोडी समोर आली की मेंदू लगेच खूश होतो. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधक डेना स्मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासलं. लोकांना खाऊच्या चित्रांवर बोली लावायला सांगितली. काही खाऊ नुसते पिष्टमय-गोड, काही नुसते स्निग्ध, काहींत दोन्ही. उष्मांक सारखे, आवडही सारखीच, तरी दोन्ही असलेल्या खाऊसाठी लोक जास्त पैसे मोजायला तयार झाले.

आपल्या आज्या-पणज्यांना हे प्रयोगाविना ठाऊक होतं. पुरणपोळीवर तुपाची धार, श्रीखंडाबरोबर पुरी, बेसनाचा लाडू, करंजी. पण हे सगळं सणावारी व्हायचं. पुरण शिजवा, वाटा, पोळ्या लाटा, यात अख्खी सकाळ जायची. हे कष्ट हेच मोठं कुंपण होतं, आणि ते घरातल्या बायकांच्या हातांनी उभं होतं हेही सांगायला हवं. आता क्रीमच्या बिस्किटांचा पुडा दहा रुपयांत कोपऱ्यावर मिळतो आणि आइस्क्रीम मोबाइलवरून घरपोच येतं. सण रोजचा झाला, मेंदू मात्र जुनाच राहिला.

त्यात कारखान्यात बनलेल्या खाण्याची आणखी एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० माणसांना चार आठवडे संस्थेतच ठेवलं. दोन आठवडे पाकीटबंद, अतिप्रक्रिया केलेलं जेवण, दोन आठवडे साधं ताजं जेवण. दोन्ही ताटांत वाढलेले उष्मांक, साखर, स्निग्धांश, तंतू हे सगळं जुळवलेलं, आणि हवं तेवढं खायची मुभा. पाकिटातलं खाताना माणसं रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाऊन गेली. दोन आठवड्यांत वजन जवळपास एक किलोनं वाढलं आणि साध्या जेवणावर तेवढंच उतरलं. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. माणसं तीच होती, मनोबळही तेच होतं. बदललं होतं फक्त ताट.

आता तल्लफ येते कशी ते पाहू. मिशिगन विद्यापीठातले केंट बेरिज यांनी एक महत्त्वाचा फरक दाखवून दिला. एखादी गोष्ट आवडणं वेगळं आणि ती हवीशी वाटणं वेगळं. मेंदूतली या दोहोंची व्यवस्थाही वेगळी आहे. डोपामीन या मेंदूतल्या रसायनाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते प्रामुख्यानं दुसऱ्या कामाचं, ओढ लावण्याचं. म्हणून फरसाणाची वाटी संपत येते तेव्हा चव फारशी लागत नसते, पण हात थांबत नाही. ही ओढ खुणांनी जागी होते. चार वाजले, चहा आला, की बिस्किट. मालिका सुरू झाली की चिवडा. घाटात गाडी थांबली की वडा, मग भूक असो वा नसो. खूण आणि खाणं रोज जोडीनं आलं की नुसती खूणही पुरते.

एक गैरसमज इथंच दूर करू. चॉकलेट खावंसं वाटतं म्हणजे शरीरात मॅग्नेशियम कमी आहे, असं मोबाइलवर फिरत असतं. मॅग्नेशियम तर बाजरीत आणि तिळातही भरपूर असतं. मग रात्री अकरा वाजता बाजरीची भाकरी का आठवत नाही? माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खावासा वाटत असेल तर गोष्ट वेगळी. त्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते. तेव्हा लाजू नका, रक्त तपासून घ्या.

मग करायचं काय? तल्लफ ही बरीचशी डोळ्यांपुढच्या चित्रावर जगते. गरम जिलबी दिसते, पाक ठिबकताना दिसतो. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठात संशोधकांनी तल्लफ आलेल्या लोकांना तीन मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं. तोच तो, वरून पडणारे ठोकळे रचायचा खेळ. तल्लफेची धार कमी झाली, कारण ठोकळे बघणारं मन जिलबीचं चित्र नीट रंगवू शकत नाही. रेडिओवरच्या माणसानं हे सांगू नये खरं तर, पण नुसतं ऐकून हे साधत नाही. डोळे आणि हात दोन्ही गुंतायला हवेत. माझ्या मते मेथी निवडणं, रांगोळी काढणं, सुईत दोरा ओवणं हेही चालावं. दुसरा उपाय चालण्याचा. एक्सेटर विद्यापीठातल्या प्रयोगात पंधरा मिनिटं भरभर चालल्यावर चॉकलेटची ओढ कमी झालेली दिसली. पंधरा मिनिटांत सोसायटीला दोन-चार फेऱ्या सहज होतात.

झोपेकडेही बघा. २००४ सालच्या एका छोट्या अभ्यासात निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक २८ टक्क्यांनी चढलं, तृप्ती सांगणारं लेप्टिन हे संप्रेरक १८ टक्क्यांनी उतरलं, आणि ओढ वाढली ती मुख्यतः गोड, खारट आणि पिष्टमय पदार्थांची. रात्रपाळी करणाऱ्यांनी आणि तान्ह्या बाळाच्या आयांनी स्वतःला दोष देण्याआधी हे आकडे आठवावेत.

दुपारचा डबा अर्धा परत आणणाऱ्यांची संध्याकाळ वडापावकडे जाते, हे तर आपण रोज पाहतो. डब्यात पोळी-भाजीबरोबर उसळ, घट्ट वरण, दही किंवा अंडं असू द्या.

आता शपथांबद्दल. उद्यापासून गोड बंद! अशी एखाद्या पदार्थावर अचानक बंदी घातली की पहिले काही दिवस नेमकी त्याचीच ओढ वाढते, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. आपल्याकडे म्हण आहेच, एकादशी अन् दुप्पट खाशी. त्यापेक्षा खूण आणि खाणं यांची गाठ सैल करा. चहा घ्या, पण बिस्किटाचा डबा टेबलावर नको, माळ्यावर. खायचंच तर वाटीत काढून, बसून, मालिका बंद करून खा. पुडा हातात घेऊन नको.

आणि चहातली साखर. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की वरून घातलेली आणि मध-फळांच्या रसातली मिळून साखर दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर उत्तम. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा छोटे चमचे. दिवसाला चार कप आणि कपाला दोन चमचे असा हिशेब असेल तर लाडूला हात लावण्याआधीच आठ झाले. दर पंधरवड्याला पाव चमचा कमी करा. जीभ सरावते, आणि दोन-तीन महिन्यांनी जुना चहा तुम्हालाच पाकासारखा लागेल. दिवाळीचा लाडू मात्र खा, तो दिवाळीचाच आहे.

काही माणसांना हे उपाय पुरत नाहीत. लपून भरमसाट खाणं, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी करणं, दिवसचे दिवस अपराधी वाटत राहणं हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

शेवटी मधुमेही श्रोत्यांसाठी. तुम्ही इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल आणि एकाएकी घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधडलं, कासावीस भूक लागली, तर ती तल्लफ समजून दाबू नका. साखर उतरलेली असू शकते. तीन-चार छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून ताबडतोब घ्या, पंधरा मिनिटांनी रक्तातली साखर पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच घ्या. माणूस गुंगीत असेल किंवा गिळू शकत नसेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. ही शेवटची गोष्ट घरातल्या इतरांनाही सांगून ठेवा, कारण त्या वेळी फोन त्यांनाच करायचा असतो.

नमस्कार.