खडूची फुली

(दृश्य: शिरोली एमआयडीसी, रात्र. फाउंड्रीचं उघडं दार, आत लाल उजेड.)

पहाटेचे चार. कोल्हापूर अजून पांघरुणात आहे. जाग आहे ती तालमींत. पोरं लंगोट कसून जोर मारायला उतरलीत. आणि इकडं शिरोलीत रातपाळी सुटायला तीन तास बाकी.

ओतलेला माल थंड झाला की तपासणारा एकेक कास्टिंग फिरवून बघतो. भोक दिसलं, तडा दिसला, की खडूनं फुली. फुलीचा माल परत भट्टीत. लोखंड वाया जात नाही.

(दृश्य: फुली मारणारा हात, जवळून.)

या हाताच्या पेशीपेशीतही आत्ता फुल्या पडतायत. तिथल्या खडूचं नाव युबिक्विटिन. ७६ अमिनो आम्लांचं इवलंसं प्रथिन. ज्या प्रथिनाला त्याची साखळी चिकटली, ते पिंपासारख्या एका यंत्रात, प्रोटिअसोममध्ये, ओढलं जातं, उलगडतं आणि त्याचे तुकडे पडतात. पुढं ते तुकडेही सुटे होतात आणि नव्या प्रथिनांच्या कामी येतात. ही खूण उलगडणाऱ्या सिचानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

फाउंड्रीत फुली पडते ती बिघडलेल्या मालावर. पेशी मात्र धडधाकट प्रथिनालाही फुली मारते. का? तर त्याची वेळ भरली म्हणून. शरीरातलं घड्याळ चालतं ते याच रिवाजावर.

(दृश्य: आखाडा. एक पैलवान दुसऱ्याला खाली दाबून बसलेला.)

या घड्याळात क्लॉक आणि बीमॅल-१ ही प्रथिनांची जोडी पीरियड आणि क्रिप्टोक्रोम या प्रथिनांची जनुकं चालू करते. ही प्रथिनं साचतात, पेशीच्या केंद्रकात शिरतात आणि जिनं त्यांना घडवलं त्या जोडीलाच चीत करून तिच्या छातीवर बसतात. नवं उत्पादन बंद. ती तशीच बसून राहिली तर घड्याळही तिथंच थांबायचं. पण त्यांच्यावर आधी फॉस्फेटचे ठिपके पडतात, मग युबिक्विटिनची फुली, मग पिंप. पकड सुटते आणि खालची जोडी उठून पुन्हा कामाला लागते. या एका फेरीला लागतात साधारण २४ तास.

फेरी बिघडली तर? १९७१ साली कोनोप्का आणि बेंझर यांना फळमाश्यांत एकाच जनुकाचे तीन बिघाड सापडले: एकीचा दिवस १९ तासांचा, दुसरीचा २८ चा, तिसरीला दिवसरात्रीचा पत्ताच नाही. ते जनुक म्हणजे पीरियड. त्याचा माग काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ साली नोबेल मिळालं. उंदरांत क्रिप्टोक्रोमवर फुली मारणारं प्रथिन अधू झालं, तेव्हा त्यांचा दिवस २६-२७ तासांवर गेला. मूळ बिघाड क्रिप्टोक्रोम बनण्यात नव्हता. मोडायला उशीर होत होता, एवढंच.

(दृश्य: सकाळचे सात. पंचगंगेचा पूल, मोटारसायकली कोल्हापूरकडं.)

डोळ्यांच्या नसा मेंदूत जिथं एकमेकींना छेदतात, त्याच्या बरोबर वर सुमारे २०,००० चेतापेशींचा पुंजका आहे. सगळ्या शरीराला वेळ सांगायचं काम त्याचं, आणि तो स्वतः वेळ लावून घेतो उजेडावरून. शिरोलीहून घरी निघालेल्या माणसाला या पुलावर डाव्या हाताला कोवळं ऊन लागतं. छान दिसतं, कॅमेऱ्याला तर फारच. पण निजायला निघालेल्या त्या माणसाच्या पुंजक्याला ते ऊन सांगतं, सकाळ झाली.

"पापण्या मिटत्यात ओ," एक कामगार आम्हाला म्हणाला, "पर डोकं जागंच असतंय."

त्याच्या खोलीच्या खिडकीला घोंगडं ठोकलंय. बाहेर दूधवाल्याची हाक. तो कूस बदलतो.